आजीची सुरी, लॉर्ड लिटन आणि नऊ इंच

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण त्याची सुरुवात माझ्या फजितीपासून होते.

मागच्या महिन्यात गावी निघाले होते. मेट्रोने स्वारगेटला जायचं आणि तिथून कराडची एसटी पकडायची, असा साधा बेत होता. स्टेशनवर बॅग मशीनमधून गेली आणि तिथल्या गार्डदादांनी हात वर केला. "ताई, बॅगेत काय आहे? पात्यासारखं काहीतरी दिसतंय."

"आजीची सुरी आहे. तिला नवी मूठ बसवलीय, द्यायला चाललेय."

"सुरी घेऊन आत नाही सोडता येत, ताई. परत जा, नाहीतर इथं जमा करा."

ते बोलले नीट, त्यांचं काही चुकलं नाही. पण मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "कोयता गँग आली वाटतं!" आणि लोक हसले. मीही हसले, पण कान गरम झाले होते. रिक्षा केली, एसटी चुकली, आणि पुढच्या गाडीची वाट बघत दीड तास स्वारगेटला बसून एकच विचार करत होते. ही सुरी चाळीस वर्षं आमच्या घरात आहे. तिने भोपळे फोडले, ऊस सोलले, सुतळ्या कापल्या. मग ती 'हत्यार' नेमकी कधी झाली? स्टेशनच्या दारात?

आधी सुरीबद्दल सांगते. पातं सात इंच लांब आणि सव्वा इंच रुंद. आजोबांनी ते गावच्या लोहाराकडून घडवून घेतलं होतं, ट्रकच्या कमानपाट्याच्या तुकड्यातून. कमानपाट्याचं पोलाद चिवट असतं, त्याला पाणी चांगलं चढतं. पाणी चढणं म्हणजे, लाल तापवलेलं पातं पाण्यात किंवा तेलात बुडवून कडक करतात ना, ते. आपल्याकडे त्याला 'हत्याराला पाणी देणं' म्हणतात. बघा, भाषेत आधीपासून सगळंच 'हत्यार' आहे. सुताराची पटाशी, न्हाव्याचा वस्तरा, गवंड्याची थापी, सगळी हत्यारंच. म्हणजे आपल्या बोलीत हा शब्द कामाचा होता. तो भांडणाचा कसा झाला, ते पुढे बघू.

जुनी मूठ कुजून गेली होती. आजी पात्याला चिंधी गुंडाळून वापरायची. मी म्हटलं, मी करते. यूट्यूबवर चार व्हिडिओ बघितले होते, त्यामुळे आत्मविश्वास भरपूर. बाभळीचा एक तुकडा आणला आणि त्याला थेट भोक पाडून पात्याचं मागचं निमुळतं टोक आत ठोकलं. मूठ टोकापासून टोकापर्यंत उभी चिरली. लाकूड ओलं होतं, हे मला नंतर एका सुतारकाकांनी सांगितलं. वर म्हणाले, "पोरी, लाकूड वाळायला वर्ष लागतं, तू दोन दिवस दिलेस."

दुसऱ्यांदा त्यांच्याकडूनच जुन्या चौकटीचा शिसवीचा तुकडा घेतला. आधी बारीक भोक पाडलं. मग पातं ओल्या फडक्यात घट्ट गुंडाळलं आणि फक्त मागचं टोक तापवून त्या भोकात दाबलं, म्हणजे ते लाकूड जाळत आपली जागा स्वतः करतं. ओलं फडकं विसरलात, तर उष्णता पात्यापर्यंत जाते, पाणी उतरतं आणि सुरी बोथट पडते. तापलेल्या लोखंडाने शिसवी जळते तेव्हा एक गोडसर करपट वास येतो, तो दोन दिवस घरातून गेला नाही. (आईचं मत वेगळं आहे. ती म्हणते, आठवडाभर.) मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडी बसवली, म्हणजे लाकूड पुन्हा फाटणार नाही. फटींत लाख वितळवून ओतली, कानशीने आणि पॉलिश पेपरने घासलं, वरून जवसाचं तेल चोळलं. चार रविवार गेले.

तर अशी ही सुरी. आता मुद्द्यावर येते.

१८५७ चा उठाव मोडल्यावर इंग्रजांनी पहिलं काम काय केलं असेल, तर लोकांकडची हत्यारं काढून घेणं. त्यासाठी १८६० मध्ये कायदा आला, आणि त्यात एखादा मुलूखच्या मुलूख निःशस्त्र करायचा अधिकार सरकारने घेतला. मग १८७८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने तो सगळा कारभार पक्का करून 'इंडियन आर्म्स ॲक्ट' आणला. हा तोच लिटन, ज्याने त्याच वर्षी देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांच्या मुसक्या बांधणारा व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्ट आणला. एकाच वर्षी जीभ आणि हात दोन्ही बांधले. यातला वर्तमानपत्रांचा कायदा पुढे रिपनने मागे घेतला. शस्त्रांचा कायदा राहिला.

त्या कायद्यातली 'शस्त्रां'ची यादी वाचण्यासारखी आहे. बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, अगदी भाल्यांची नुसती पातीसुद्धा. आणि धनुष्यबाण! विचार करा, तोफेच्या यादीत शेजारी धनुष्यबाण. सह्याद्रीच्या आणि सातपुड्याच्या डोंगरात ज्यांची शिकार धनुष्यावर चालायची, त्यांना हे कसं वाटलं असेल? यादीत विळा नाही, सुरी नाही. पण खंजीर आहे. आता सुरी कुठे संपते आणि खंजीर कुठे सुरू होतो, हे ठरवायचं तिथल्या साहेबाने. आणि साहेबाला स्वतःला परवाना लागायचा नाही. युरोपियन लोकांना त्यातून सूट होती. लोक चिडले ते यावरच जास्त. कोडगूच्या कोडवांनाही सूट होती, ती वेगळ्या कारणाने, इंग्रजांच्या मर्जीने मिळालेली.

कायदा झाला आणि वर्षभरात, फेब्रुवारी १८७९ मध्ये, आपल्याच पुणे जिल्ह्यात वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशी साथीदारांना घेऊन बंड केलं. म्हणजे कायद्याने हत्यारं गोळा होतात, पोटातली भूक आणि राग नाही. १८७६-७८ चा दुष्काळ लोकांनी नुकताच भोगला होता, हे लक्षात घ्या.

पुढची गोष्ट मला सगळ्यात जास्त चकित करते. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासूनच या कायद्याविरुद्ध ठराव केले. आणि गांधीजी! १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकात त्यांनी लिहिलं की इंग्रजी राज्याच्या दुष्कृत्यांत एका अख्ख्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा इतिहास सर्वांत काळा मानेल. शब्द माझे, आशय त्यांचा. १९३० मध्ये आयर्विनपुढे त्यांनी ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यात मिठाच्या कराबरोबर स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने देण्याचीही मागणी होती. मिठाचं आपण शाळेत शिकलो, हे कुणी शिकवलं नाही. यात मला विसंगती वाटत नाही. ज्याला हत्यार धरताच येत नाही, त्याने अहिंसा निवडली असं कसं म्हणायचं? निवडायला आधी पर्याय हवा.

१९३१ च्या कराची ठरावात तर नागरिकाला नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगायचा हक्क असेल, असं काँग्रेसने लिहून ठेवलं होतं. मग स्वातंत्र्य मिळाल्यावर तो हक्क संविधानात का नाही? डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामतांनी नेमकं हेच विचारलं, दुरुस्तीही मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती मानली नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: इंग्रजांनी लोकांना निःशस्त्र केलं तेव्हाची तक्रार वेगळी होती, आता प्रश्न शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा नाही, देशावर वेळ आली तर ते उचलायच्या कर्तव्याचा आहे. दुरुस्ती पडली. संविधानात आज जे आहे ते कलम १९ मध्ये: शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमायचा हक्क. फाळणीच्या रक्तपाताला तेव्हा दीड वर्षही झालं नव्हतं. मी त्या सभागृहात असते, तर माझं मत कुणाला गेलं असतं? खरं सांगू, आंबेडकरांना. आणि मग मेट्रोच्या रांगेत मी कुरकुर केली नसती, असंही नाही.

लिटनचा कायदा गेला १९५९ मध्ये. नव्या शस्त्र अधिनियमात एक वाक्य फार मोलाचं आहे. मारण्यासाठी किंवा बचावासाठी शस्त्र म्हणून बनवलेली वस्तू म्हणजे शस्त्र, पण केवळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेली वस्तू शस्त्र नाही. उदाहरण म्हणून कायदा लाठी आणि साधी हातातली काठी यांची नावं घेतो. म्हणजे पात्याच्या धारेपेक्षा ते कशासाठी घडवलं, हे महत्त्वाचं. आणि १९६२ च्या नियमांत आकडा आला: पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असलेले चाकू, कृपाण, खुकरी वगैरे शस्त्रांच्या यादीत, घरगुती, शेती, विज्ञान, उद्योगाची सोडून. शिखांच्या कृपाणाला तर संविधानाच्याच कलम २५ चं संरक्षण आहे.

मग माझी सुरी? सात इंच बाय सव्वा इंच, भोपळ्यासाठी बनवलेली. या कायद्याने ती शस्त्र नाही. झालं? नाही झालं.

महाराष्ट्रात १९५१ चा पोलीस कायदा आहे. आधी त्याचं नाव मुंबई पोलीस अधिनियम होतं, आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम आहे. त्याच्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी ठरावीक दिवसांसाठी आदेश काढू शकतात की रस्त्यावर शस्त्रं, सोटे, तलवारी, भाले, सुरे, काठ्या, लाठ्या, किंवा इजा करायला वापरता येईल अशी कुठलीही वस्तू घेऊन फिरायचं नाही. इथे इंच नाहीत. १९५९ च्या कायद्याने जिला सोडलं ती लाठीसुद्धा इथे अडकते! निवडणूक, सण, मोर्चा असला की पेपरात कोपऱ्यात ती बातमी येते, आपण वाचत नाही. म्हणून सुरी, कोयता घेऊन प्रवास करायचा तर पाकिटात बांधून, बॅगेच्या तळाशी, आणि कुठून कुठे कशाला नेतोय हे सांगता येईल असं न्या. मेट्रोचे, विमानाचे स्वतःचे नियम असतात, तिथे आजीचं नाव चालत नाही. माझं चाललं नाही.

दिल्लीत तर आकडाच वेगळा. १९८० च्या तिथल्या अधिसूचनेत माप होतं ७.६२ सेंटीमीटर लांब आणि १.७२ रुंद. म्हणजे तीन इंच. नजर होती बटणाच्या चाकूवर. हिंदी सिनेमाने त्या खटकन उघडणाऱ्या रामपुरीला जेवढं मोठं केलं, तेवढेच रामपूरचे कारागीर छोटे होत गेले. सिनेमातला गुंड प्रेक्षकांच्या लक्षात राहिला, पातं घासणारा माणूस नाही. रामपूरला २०२३ मध्ये चौकात वीस फुटी चाकूचं स्मारक उभारलंय. वस्तूचं स्मारक झालं की समजायचं, धंदा आटलाय.

आणि आपल्याकडे आता तेच कोयत्याचं चाललंय. 'कोयता गँग' हा शब्द तुम्ही रील्सवर ऐकला असेल. पुण्यात २०२३ च्या सुरुवातीला कोयता विकताना दुकानदाराने आधार कार्ड मागावं, अशा सूचनाही आल्या होत्या. रस्त्यावर कोयता फिरवून गाड्या फोडणाऱ्या पोरांबद्दल मला काडीचंही प्रेम नाही, ज्याच्या दुकानावर तो पडतो त्याला विचारा. त्या पोरांवर 'आर्म ॲक्ट ४, २५' लागतो, वर्षापासून तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. इन्स्टावर हातात कोयता घेऊन फोटो टाकणाऱ्यांवरही गुन्हे दाखल झालेत. सोळा-सतरा वर्षांचे कुणी ऐकत असाल तर हे नीट ऐका.

पण त्याच शब्दाचा दुसरा अर्थ बीडला जाऊन विचारा. ऊसतोडीच्या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याच्या हिशोबाने. म्हणजे दोन माणसं, त्यांचे सहा महिने, त्यांची पोरं, त्यांचं कर्ज, हे सगळं मिळून एक कोयता. दिवाळीनंतर हे कोयते आमच्या कराडकडे येतात. पालावर धार लावताना मी लहानपणी बघितलंय त्यांना. पुण्यात एकाच्या हातात तो दिसला की लोक पळतात, आणि तिकडे लाखो हातांत तो आहे म्हणून तुमच्या चहात साखर आहे.

तर, दुसरी एसटी मिळाली. बॅग मांडीवर घेऊन बसले. रात्री नऊला घरी पोचले तेव्हा आजी जागीच होती. सुरी हातात घेतली, उलटीपालटी केली, अंगठ्याने धार बघितली. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी वगैरे येईल.

"मूठ जाड झालीय गं," म्हणाली. "तुझ्या हाताच्या मापानं केलीस होय? उद्या घासून दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर बसून घासत होते. अजून थोडी घासायची राहिलीय.