पॅकेज-पृच्छा
संगणकावर कोणकोणत्या आज्ञावली (सॉफ्टवेअर) बसविलेल्या आहेत, त्यांच्या आवृत्त्या कोणत्या, त्यांच्याबरोबर कोणत्या फाइली आल्या आणि समोर दिसणारी एखादी फाइल कोणत्या आज्ञावलीची आहे, हे प्रश्न आदेशपंक्तीवर (कमांड लाइनवर) टंकून त्याच संगणकास विचारणे यास पॅकेज-पृच्छा म्हणतात. ‘पॅकेज’ म्हणजे आज्ञावली, तिला लागणाऱ्या सर्व फाइली व तिच्याविषयीची माहिती यांचा एकत्र बांधलेला, नाव व आवृत्तिक्रमांक असलेला गठ्ठा होय. प्रश्न वरवर साधा दिसतो. तथापि युनिक्स या परिचालन प्रणालीच्या इतिहासात पहिली सुमारे दोन दशके त्याला खात्रीचे उत्तर नव्हते. कारण उत्तर देण्यासाठी जी नोंदवही लागते ती कोणी ठेवीतच नव्हते. पृच्छेचा इतिहास हा मुख्यत्वे या नोंदवहीचा इतिहास आहे. (मूळ रोमन लिपीतील आदेश पुढे उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत.)

युनिक्सची सुरुवात १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची (१९४१–२०११) यांनी केली. आज्ञावली फितीवरून येत. १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासून त्या ‘टार’ या साधनाने एकत्र बांधल्या जाऊ लागल्या. मूळ संहितेपासून यंत्रभाषेतील फाइली तयार करावयाच्या आणि त्या ठरावीक निर्देशिकांत नेऊन ठेवावयाच्या, अशी पद्धत होती. ‘यूएसआर’खालील ‘बिन’ या एकाच निर्देशिकेत पन्नास आज्ञावलींच्या फाइली एकमेकींत मिसळत. दहा घरांचे धान्य एकाच कणगीत ओतल्यावर कोणाचे किती हे सांगता येऊ नये, तशी ही स्थिती होती. कोणती फाइल कोणी, केव्हा व कशासाठी ठेवली हे व्यवस्थापकाच्या स्मरणात, फार तर त्याच्या कागदी वहीत असे. तो नोकरी सोडून गेला की यंत्राचा पूर्वेतिहासही त्याच्याबरोबर जाई. आज्ञावली काढून टाकणे तर बसविण्याहून अवघड. म्हणून निरुपयोगी फाइली वर्षानुवर्षे तशाच राहत.

एटी अँड टी कंपनीच्या सिस्टिम फाइव्ह युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीत आणि तिच्यावर आधारलेल्या सन मायक्रोसिस्टिम्सच्या सोलॅरिस २ (१९९२) मध्ये हे चित्र बदललेले दिसते. त्यांत ‘पीकेजी-ॲड’ हा आदेश पॅकेज बसवी व ‘पीकेजी-इन्फो’ यादी देई. बसविलेल्या प्रत्येक फाइलीसाठी ‘कंटेंट्स’ नावाच्या एका मोठ्या फाइलीत एक ओळ लिहिली जाई. तीत मार्ग, मालक, परवानग्या, आकार, पडताळा-अंक व शेवटी पॅकेजचे नाव असे. ‘पीकेजी-चेक’ हा आदेश ही ओळ प्रत्यक्ष फाइलीशी ताडून पाही. ‘काय असावयास हवे’ व ‘काय आहे’ यांची तुलना यंत्राकडून करवून घेण्याची सोय यामुळे झाली.

लिनक्सचा गाभा १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरव्हाल्ड्स यांनी प्रसिद्ध केला. गाभा म्हणजे पूर्ण प्रणाली नव्हे. शेकडो स्वतंत्र आज्ञावली गोळा करून वापरण्याजोगा संच करणे हे काम वितरणकर्त्यांवर आले. पॅट्रिक व्होल्करडिंग यांच्या स्लॅकवेअरने (१९९३) सर्वांत साधा मार्ग स्वीकारला. त्यात प्रत्येक पॅकेजमागे फाइलींची यादी असलेली एक मजकूर-फाइल एका निर्देशिकेत ठेवली जाई. पृच्छेसाठी वेगळा आदेश लागत नसे. नेहमीच्या ‘एलएस’ व ‘ग्रेप’ या साधनांनी काम भागे. ही पद्धत बाळबोध म्हणून हिणवली गेली, परंतु ती टिकली आहे व कधी कोणास अडवीत नाही. कोणते पॅकेज कोणावर अवलंबून आहे, याची नोंद मात्र तीत नाही.

त्याच वर्षी, ऑगस्ट १९९३ मध्ये, पर्ड्यू विद्यापीठाचे विद्यार्थी इयान मर्डॉक (१९७३–२०१५) यांनी डेबियनची घोषणा केली. तिचे ‘डीपीकेजी’ हे साधन १९९४ मध्ये प्रथम लहान स्वरूपात, मग पर्ल भाषेत व त्यानंतर इयान जॅक्सन यांच्या हातून सी भाषेत घडले. त्याची नोंदवही ‘स्टेटस’ नावाची एकच साधी मजकूर-फाइल असून प्रत्येक पॅकेजच्या फाइलींची यादी वेगळी ठेवतात. ‘डीपीकेजी -एल’ या आदेशाने मिळणाऱ्या यादीत प्रत्येक ओळीच्या आरंभी दोन अक्षरे असतात. त्यांपैकी पहिले अक्षर व्यवस्थापकाची इच्छा सांगते व दुसरे प्रत्यक्ष स्थिती. ‘आय-आय’ म्हणजे हवे होते व बसले आहे. ‘आर-सी’ म्हणजे काढून टाकले, पण त्याच्या मांडणीच्या फाइली मागे उरल्या आहेत. इच्छा आणि वस्तुस्थिती यांना दोन वेगळे रकाने देणे ही या रचनेतील सर्वांत मोलाची गोष्ट आहे, असे म्हणावयास हरकत नाही. बसविण्याचे काम अर्ध्यावर तुटले तर तेही या अक्षरांतून कळते.

रेड हॅट कंपनीने १९९५ मध्ये आपल्या लिनक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत आरपीएम हे साधन आणले. मार्क यूइंग व एरिक ट्रोन हे त्याचे कर्ते. येथे पृच्छा हा आनुषंगिक भाग नव्हता, तर आरंभापासून एक प्रमुख उद्देश होता. ‘क्यू’ या अक्षरापुढे आणखी एक अक्षर जोडले की प्रश्न बदलतो : ‘आरपीएम -क्यूए’ सर्व पॅकेजे सांगतो, ‘-क्यूआय’ एकाची माहिती देतो, ‘-क्यूएल’ त्याच्या फाइली मोजून दाखवितो आणि ‘-क्यूएफ’ फाइलीवरून पॅकेजचे नाव काढतो. ‘आरपीएम -व्ही’ हा आदेश आकार, परवानग्या, पडताळा-अंक व बदलाची वेळ तपासून फरक असेल तेवढाच कळवितो. अर्थात घुसखोराने यंत्राचा पूर्ण ताबा मिळविला असेल, तर तो नोंदवहीही बदलू शकतो. अशा यंत्राची साक्ष त्याच यंत्राकडून घेण्यात अर्थ नसतो.

आरपीएमने मजकूर-फाइलीऐवजी द्विमान स्वरूपातील माहितीसाठा वापरला. त्यामुळे उत्तरे लवकर मिळत, पण बर्कली डीबीवर आधारलेला हा साठा मध्येच खंडित झाला तर कुलपे अडकून पडत आणि ‘रिबिल्ड-डीबी’ आदेशाने त्याची पुनर्रचना करावी लागे. १९९० नंतरच्या पिढीतील बहुतेक व्यवस्थापकांना हा त्रास परिचित आहे. फेडोरा ३३ (२०२०) पासून त्या वितरणात एसक्यूलाइटचा साठा आला. डेबियनची मजकूर-फाइल बिघडलीच तर ती डोळ्यांनी वाचून हाताने दुरुस्त करता येते.

उत्तर साध्या मजकुरात, एका ओळीस एक नोंद या रीतीने मिळते, हा आदेशपंक्तीचा मोठा लाभ आहे. १९७३ मध्ये डग मॅक्इलरॉय यांच्या आग्रहाने युनिक्समध्ये नलिका (पाइप) आली. तिच्यामुळे एका आदेशाचे उत्तर दुसऱ्याकडे गाळण्यास देता येते. दोन यंत्रांच्या याद्या क्रमवार लावून त्यांतील फरक काढणे किंवा शंभर यंत्रांना एकच प्रश्न एका वेळी विचारणे यामुळे शक्य झाले. पुढे एपीटी (डेबियन २.१, १९९९), यम व डीएनएफ या साधनांनी दूरच्या साठ्यातून पॅकेजे आणण्याचे काम हाती घेतले, स्थानिक नोंदवही मात्र जुनीच राहिली.

या नोंदवहीची खरी कसोटी ७ एप्रिल २०१४ रोजी लागली. ओपन-एसएसएल या संकेतलेखन-संग्रहातील ‘हार्टब्लीड’ हा दोष त्या दिवशी जाहीर झाला. दूरचा मनुष्य सेवायंत्राच्या स्मृतीतील गुप्त किल्ल्या व परवलीचे शब्द वाचू शकेल असा तो दोष होता. १.०.१ ते १.०.१एफ या आवृत्त्या सदोष असून १.०.१जी निर्दोष, असे सांगण्यात आले. जगभरच्या व्यवस्थापकांनी पृच्छा केली आणि अनेकांना बुचकळ्यात टाकणारे उत्तर मिळाले. डेबियन ७ व रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ६ या वितरणांत १.०.१ई ही आवृत्ती होती आणि दुरुस्तीनंतरही ती १.०.१ईच दिसत राहिली. कारण ही वितरणे नवी आवृत्ती न घेता जुन्या आवृत्तीतच नेमकी दुरुस्ती भरतात व बदल केवळ क्रमांकाच्या शेपटीत नोंदवितात. डेबियनमध्ये ती शेपटी ‘डेब७यू५’ अशी होती. क्रमांकाचा पहिला भाग तेवढा पाहणाऱ्याला दुरुस्त यंत्र सदोष वाटे. खरे उत्तर ‘आरपीएम -क्यू --चेंजलॉग’ या आदेशाने मिळणाऱ्या बदलांच्या इतिवृत्तात होते. त्यात दोषाचा क्रमांक सीव्हीई-२०१४-०१६० नमूद केलेला असे. याहून घातक फसगत दुसरीच होती. नोंदवही नवे पॅकेज दाखवी, पण आधीपासून चालू असलेली सेवा स्मृतीतील जुनाच संग्रह वापरीत राही. ती पुन्हा सुरू करीपर्यंत दोष कायम असे, कारण पॅकेज-पृच्छा चकतीवरील स्थिती सांगते, स्मृतीतील नव्हे.

२९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी ‘एक्सझेड’ या संपीडन-साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेली चोरवाट उघडकीस आणली. येथे क्रमांक नि:संदिग्ध असल्याने एका पृच्छेत निकाल लागे. स्थिर वितरणांपैकी बहुतेकांत त्या आवृत्त्या पोहोचल्याच नव्हत्या. अशा वेळी संशयित आज्ञावली चालवून तिलाच तिची आवृत्ती विचारण्यापेक्षा नोंदवहीस विचारणे इष्ट.

नोंदवहीबाहेर राहिलेल्या गोष्टींविषयी पृच्छा मूक असते. डिसेंबर २०२१ मध्ये जावा भाषेतील ‘लॉग-फोर-जे’ संग्रहात गंभीर दोष आढळला, तेव्हा तो संग्रह अनेक यंत्रांवर अन्य आज्ञावलींच्या गठ्ठ्यात गुंडाळलेला होता. प्रणालीच्या यादीत त्याचे नावही नव्हते. पायथनचे ‘पिप’, जावास्क्रिप्टचे ‘एनपीएम’ यांच्या नोंदवह्या निराळ्या, आणि प्रत्येक कंटेनरची आणखी निराळी. मे २०२१ मध्ये अमेरिकी अध्यक्षांच्या आदेशाने सरकारी खरेदीतील आज्ञावलींसाठी घटकांची यादी (एसबॉम) मागण्याचे धोरण आखण्यात आले, ते या उणिवेपोटीच. परंतु अनेक नोंदवह्या एकत्र जुळविताना नावांचा मेळ बसत नाही. देवनागरी मजकूर पडद्यावर दाखविणारा ‘लोहित’ हा टंक याचे जवळचे उदाहरण होय : फेडोराच्या नोंदवहीत त्याचे पॅकेज ‘लोहित-देवनागरी-फॉन्ट्स’ या नावाने, तर डेबियनच्या नोंदवहीत ‘फॉन्ट्स-लोहित-देव’ या नावाने आढळते.