उच्च विद्येचा खर्च कोणीं सोसावा : साखरखेर्ड्याच्या निमित्तानें

बुलढाणें जिल्ह्यांतील साखरखेर्डा हें नांव इतिहासाच्या अभ्यासकांस एका लढाईमुळें परिचित आहे. सन १७२४ च्या आक्टोबर महिन्यांत निजामुल्मुल्कानें हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान यास येथें गांठलें. मुबारिझखान रणांत पडला, निजामानें विजयाच्या स्मरणार्थ गांवास फत्तेखेर्डा असें नांव दिलें, आणि दक्षिणेचा सुभा दिल्लीच्या हातून सुटला तो सुटलाच. विजेत्यानें दिलेलें नांव मात्र लोकांच्या तोंडीं टिकलें नाहीं. आज सिंदखेड राजा तालुक्यांत हा गांव आपल्या जुन्या नांवानेंच नांदत आहे.

लढाईचा निकाल एका दिवसांत लागला. परंतु या मुलखांतील रयतेनें भरलेला पैसा कोणाच्या तिजोरींत जावा, आणि तेथून कोणाच्या विद्येवर खर्च व्हावा, हेंही त्या दिवशीं अंशतः ठरून गेलें. उच्च शिक्षण मोफत असावें कीं विद्यार्थ्यानें त्याचें मोल द्यावें, हा वाद आज सर्वत्र चालू आहे. वाद करणारे बहुधा चालू अंदाजपत्रकाकडे पाहून बोलतात. आम्हांस वाटतें कीं, या प्रश्नास महाराष्ट्रांत जवळजवळ तीनशें वर्षांचें दफ्तर आहे, आणि तें उलगडून पाहिल्यावांचून दिलेला निवाडा एकतर्फी होईल.

प्रथम पेशवाईकडे वळूं. विद्वान् ब्राह्मणांस श्रावणमासांत दक्षिणा देण्याची चाल सेनापति खंडेराव दाभाडे यांनीं तळेगांवीं सुरू केली. सन १७३१ सालीं डभईच्या लढाईंत त्र्यंबकराव दाभाडे पडले, आणि त्यानंतर ही दक्षिणा पुण्यास पेशव्यांकडे आली. तीर्थयात्रेप्रमाणें दूरदूरचे ब्राह्मण पुण्यास लोटूं लागले. शास्त्र्यांची परीक्षा होऊन त्यांस योग्यतेनुरूप रक्कम मिळे. इतरांस पर्वतीच्या पायथ्याशीं रमण्यांत घालून सरसकट दक्षिणा वाटली जाई. शिकणाऱ्यास गुरुगृहीं फी नव्हती. जेवण मधुकरीचें किंवा वारांचें. विद्या पुरी झाल्यावर उलट सरकारच मान्यता व द्रव्य देई. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर हें उच्च शिक्षण मोफत होतें, नव्हे, वेतनासहित होतें.

या व्यवस्थेनें शास्त्रांचें अध्ययन टिकविलें, हें मान्य केलेंच पाहिजे. ज्यांच्या संग्रहीं न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र यांच्या पोथ्या आहेत, त्यांस या उदारतेचें ऋण सांगावयास नको. परंतु तीच व्यवस्था दोन गोष्टींत उणी पडली. पहिली, तें दार एकाच वर्णास उघडें होतें. दुसरी, रमण्यांतील वाटणीस परीक्षेचें बंधन नसल्यामुळें विद्येचा सत्कार आणि दानधर्म यांतील भेद उत्तरोत्तर पुसट होत गेला. यांत भर अशी कीं, दक्षिणेच्या हिशेबीं विद्या म्हणजे संस्कृत विद्या. मराठी भाषा, जमाखर्च, शेतकी, कारागिरी यांस त्या हिशेबांत स्थान नव्हतें. पैसा देणारा ज्यास विद्या म्हणतो, तेवढीच विद्या त्याच्या पैशानें पोसली जाते, हा धडा येथें प्रथम मिळतो.

सन १८१८ सालीं राज्य गेलें. एल्फिन्स्टन यानें दक्षिणा एकदम बंद केली नाहीं. तिचा कांहीं भाग विद्येकडे वळविण्याचें धोरण ठेवून ६ आक्टोबर १८२१ रोजीं पुण्यास विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा उघडण्यांत आली. येथेंही विद्यार्थ्यांस फी नसून वेतन होतें, आणि आरंभीं प्रवेश ब्राह्मणांपुरताच होता. पुढें १८४९ च्या सुमारास लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख व त्यांचे सहकारी यांनीं असा अर्ज केला कीं, दक्षिणेचा कांहीं अंश मराठींत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस द्यावा. सनातन पक्षानें यास कडवा विरोध केला. तरी त्या अर्जांतूनच दक्षिणा प्राइज कमिटीचा उगम झाला. १८५१ सालीं संस्कृत पाठशाळा व इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झालें. तेंच पुढें डेक्कन कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आलें. दक्षिणेच्या निधींतून महाविद्यालयांत ‘दक्षिणा फेलो’ नेमण्यांत येऊं लागले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे या वेतनाचे उपभोक्ते होत.

याच काळांत विरुद्ध दिशेचा विचारही राज्यकर्त्यांनीं मांडला. १८५४ सालच्या वुडच्या खलित्यांत असें प्रतिपादन आहे कीं, अगदीं फुकट मिळालेल्या शिक्षणाची किंमत राहत नाहीं, यास्तव थोडी तरी फी घ्यावी. १८५७ सालीं विद्यापीठें स्थापन झालीं आणि महाविद्यालयांत फी हाच सामान्य नियम राहिला. जातीचें दार कायद्यानें उघडलें, परंतु त्याच चौकटींत द्रव्याचें दार बसविलें गेलें. फुकट मिळालेल्या विद्येची किंमत राहत नाहीं, या वचनाची कसोटी पाहण्यास आम्हांस लांब जावयास नको. रानडे व भांडारकर यांस निधींतून वेतन मिळालें. त्यांनीं त्या विद्येची किंमत कमी केली, असें कोण म्हणेल ? तेव्हां विद्येचा आदर फीवर अवलंबून नसून निवडीच्या कसोशीवर व शिकणाऱ्याच्या तळमळीवर अवलंबून आहे, असें म्हणणें अधिक सयुक्तिक होय.

परंतु या प्रश्नाचें खरें मर्म महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें ठेविलेल्या निवेदनांत आहे. सरकारचा वसूल मुख्यत्वें रयतेच्या घामांतून येतो, आणि त्यांतील मोठा खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होऊन रयतेचीं मुलें प्राथमिक शाळेसही मुकतात, असा त्यांचा आक्षेप होता. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. सरकारनें उच्च शिक्षणांतून अंग काढून घ्यावें, असें त्यांनीं म्हटलें नाहीं. तसें करणें अकालीं होईल, असेंच त्यांचें मत होतें. त्यांची मागणी अशी कीं, प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, आणि शिष्यवृत्त्या केवळ चढाओढीनें न देतां, ज्या वर्गांत विद्येचा प्रसार झालेला नाहीं त्यांच्या वांट्यास येतील अशी योजना करावी. म्हणजे, फी असावी कीं नसावी यापेक्षां कोणाच्या पैशानें कोण शिकतो, हें त्यांनीं आधीं विचारलें.

हाच प्रश्न आतां साखरखेर्ड्याच्या वेशींत उभे राहून विचारूं. १७२४ नंतर वऱ्हाडांत निजामाची सत्ता आणि मराठ्यांची चौथाई अशी दुअंमली चालली. १८०३ सालीं देवगांवच्या तहानें नागपूरकर भोसल्यांचा वर्धेच्या पश्चिमेकडील हक्क गेला. १८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. १९०२ च्या करारानें तें कायम पट्ट्यानें घेऊन निजामास दरसाल २५ लक्ष रुपये देण्याचें ठरलें. या सर्व घडामोडींत येथील शेतकऱ्याचें वसूल देणें कधीं थांबलें नाहीं. परंतु वऱ्हाडांत पहिलें महाविद्यालय निघालें तें १९२३ सालीं, अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज या नांवानें. त्याच सालीं नागपूर विद्यापीठ झालें. तोंपर्यंत येथील मुलास नागपूरचें मॉरिस किंवा हिस्लॉप कॉलेज, नाहीं तर पुणें-मुंबई, एवढाच मार्ग होता. तिजोरींत पडलेल्या रुपयावर गांवाचें नांव उरत नाहीं. म्हणूनच, रयतेनें उच्च विद्येचें मोल दिलें नाहीं, असें म्हणण्याचा अधिकार कोणासही नाहीं. तिनें तें मोल पिढ्यान्‌पिढ्या आगाऊ भरलें आहे.

वऱ्हाडांत या उणिवेची जाणीव ज्यांनीं कृतींत आणिली, त्यांत डॉ. पंजाबराव देशमुख अग्रगण्य होत. अमरावतीची श्री शिवाजी शिक्षण संस्था आणि तिचीं वसतिगृहें हें त्यांचें स्मारक. सातारकडे कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९४७ सालीं छत्रपति शिवाजी कॉलेज काढलें, तें मोफत व वसतिगृहयुक्त होतें. परंतु विद्यार्थ्यानें श्रम करून शिकावें, हा दंडक त्यांनीं ठेविला. दानही नाहीं आणि विक्रीही नाहीं, असा हा तिसरा मार्ग आहे. या दोघांसही एक गोष्ट उमगली होती. खेड्यांतील मुलास फीपेक्षां शहरांतील खोलीचें भाडें आणि दोन वेळचें जेवण अधिक जड जातें. जुन्या विद्यार्थ्याचें वार आणि मधुकरी यांनीं हा भार समाजाकडे दिला होता. ती चाल गेली, आणि तिची जागा वसतिगृहानेंच घेतली पाहिजे.

पुढचा इतिहास ताजा आहे. १९८३ पासून महाराष्ट्रांत विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचें युग सुरू झालें. त्याच वर्षीं अमरावतीस स्वतंत्र विद्यापीठही झालें. १९९३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें उन्नीकृष्णन् खटल्यांत मोफत जागा व पैशाच्या जागा अशी विभागणी घालून दिली. २००२ सालीं टी. एम. ए. पै खटल्यांत ती मोडली. २०२४ सालीं महाराष्ट्र शासनानें व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिकणाऱ्या, ८ लक्ष रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबांतील पात्र मुलींस शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ केलें. तीन शतकांत दक्षिणा, वेतन, फी, माफी असा हा फेरा पुरा झाला आहे.

यावरून आमचा निष्कर्ष असा. उच्च शिक्षण सार्वजनिक पैशानें चालावें, कारण तो पैसा ज्यांचा आहे त्यांत साखरखेर्ड्यासारख्या हजारों गांवांचा वांटा आहे. परंतु दक्षिणेचे दोष पुन्हां न घडावे, यासाठीं तीन अटी आवश्यक आहेत. दार जातीनें वा द्रव्यानें अडूं नये. परीक्षेची कसोशी सुटून विद्येचा रमणा होऊं नये. आणि फी माफ करून वसतिगृह विसरूं नये. ज्यांस सामर्थ्य आहे त्यांनीं फी द्यावी, यास आमची हरकत नाहीं. मात्र ती विद्येची किंमत म्हणून नव्हे, शेजारच्या मुलाच्या वांट्याचा भार म्हणून द्यावी.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. मेहकर, सिंदखेड, लोणार या टापूंतील देशमुख, देशपांडे व कुळकर्णी घराण्यांचीं दफ्तरें, तसेंच साखरखेर्ड्याच्या पळसिद्ध मठासारखीं स्थानें, यांत लढायांचे कागद शोधण्याची आपणांस संवय आहे. तेथेंच अध्ययनासाठीं दिलेलीं वर्षासनें, विद्यार्थ्यांच्या जेवणाच्या नेमणुका आणि पोथी लिहिल्याबद्दल दिलेली मजुरी यांच्या नोंदीही पाहाव्या. एखादी दोन ओळींची यादी क्षुल्लक म्हणून बाजूस टाकूं नये. कोणत्या गांवानें कोणाची विद्या पोसली, हें अशाच याद्या सांगतील, आणि आजच्या वादांत साक्षीस त्याच उभ्या राहतील.