गणपतराव देशमुख : साधेपणाच्या पलीकडचा आमदार

2022 मध्ये 'काय झाडी, काय डोंगार' हे वाक्य गाजलं, तेव्हा अनेकांनी मला विचारलं, हे सांगोला नेमकं कुठं आलं? सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूर-मिरज रेल्वेमार्गावर. पण त्याआधीची पन्नासेक वर्षं सांगोल्याची ओळख एकच होती : गणपतरावांचा तालुका.

गणपतराव देशमुख शेतकरी कामगार पक्षाकडून 1962 साली पहिल्यांदा आमदार झाले. 2014 साली वयाची पंच्याऐंशी ओलांडल्यावर अकराव्यांदा निवडून आले. मधे दोनदाच पडले, 1972 आणि 1995 ला. 1995 ला तर फक्त 192 मतांनी! आणि हरवणारे कोण? हेच शहाजीबापू पाटील.

गणपतरावांचं नाव निघालं की एसटीची गोष्ट निघतेच. एसटीनं फिरणारा आमदार, साधी राहणी, स्वच्छ हात. गोष्ट खरीच आहे. पण खरं सांगू का, मला ती थोडी खटकते. माणूस साधा होता एवढंच म्हटलं, की त्यानं राजकारण काय केलं हे विचारायचं राहूनच जातं.

बघा, एवढ्या कारकिर्दीत ते मंत्री झाले फक्त दोनदा. एकदा 1978 च्या पुलोद सरकारात आणि एकदा 1999 नंतरच्या आघाडी सरकारात. बाकी सगळा काळ मंत्रिपदाविना, बहुतेक विरोधी बाकावर. 'आमदार सत्तेतला नसला तर कामं होत नाहीत' हे आपण गावोगाव ऐकतो. मग सांगोल्यानं या माणसाला पुन्हा पुन्हा का पाठवलं?

माझ्या मते याचं उत्तर पाण्यात आहे. सांगोला कायमचा अवर्षणाचा तालुका. तिथं पाणी आणायचं तर कृष्णेचं, कराडजवळच्या टेंभूहून, उपसा करून. हे एका आमदाराच्या निधीतून होणारं काम नव्हेच. त्यासाठी दुष्काळी तालुक्यांनी एकत्र यावं लागतं. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकारानं आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या, त्यात गणपतराव पुढे होते. मंत्रालयात एकट्यानं अर्ज घेऊन उभं राहणं वेगळं आणि लोकांना सोबत घेऊन हक्क मागणं वेगळं. पाणी येईपर्यंत हाताला काम हवं, म्हणून तालुक्यात सहकारी सूतगिरणीही त्यांनीच उभी केली.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 1947 साली स्थापन झालेला शेकाप एके काळी राज्यातला मोठा विरोधी पक्ष होता. तो आक्रसत रायगड आणि सांगोल्यापुरता उरला. 2019 ला गणपतराव थांबले, नातू उभा राहिला आणि हजाराहून कमी मतांनी हरला. जिंकले पुन्हा शहाजीबापूच. 30 जुलै 2021 ला गणपतराव गेले. 2024 ला दुसऱ्या नातवानं, बाबासाहेबांनी, जागा परत मिळवली. म्हणजे कष्टकऱ्यांचा म्हणवणारा पक्षही शेवटी एका घराच्या नावावरच तगला. पन्नास वर्षांत दुसरी फळी का तयार झाली नाही, हा प्रश्न गणपतरावांनाही चुकत नाही.

म्हणून पुढच्या वेळी कुणी एसटीची गोष्ट सांगितली, तर जरूर ऐका. आणि मग विचारा : ती एसटी जात कुठं होती? माझ्यापुरतं उत्तर, पाण्याच्या मागे.

भेटू पुढच्या भागात.