‘साहसी’ दुचाकीवरचा पहिला दिवस

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात व्यवहाराची, म्हणजे न्यायसभेपुढे येणाऱ्या वादांची, अठरा पदे सांगितली आहेत. त्यांत चोरीला लागूनच ‘साहस’ येते. बळाच्या जोरावर उघडपणे केलेले दुष्कृत्य, असा तिथे त्या शब्दाचा अर्थ आहे. यादीतले पहिले पद मात्र ऋणादानाचे, म्हणजे कर्जाचे. ही जुनी यादी आम्हांला आठवली ती वाहनकर्जाच्या कागदांवर सह्या करताना. आम्हां दोघा मराठीच्या अध्यापकांपैकी एकाने पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर रॉयल एनफिल्डची ‘हिमालयन ४५०’ घेतली. दुसऱ्याने जामीन राहण्याचे आणि मागे बसण्याचे कबूल केले.

पुण्याहून भोर आणि पुढे वरंध घाटाने महाड, असा पहिल्या दिवसाचा बेत होता. पहिली जाणीव झाली ती उंचीची. हिचे आसन जमिनीपासून ८२५ मिलिमीटर उंच, वजन १९६ किलो. आमच्यासारख्या मध्यम उंचीच्या माणसाचे दोन्ही पाय एका वेळी पुरते टेकत नाहीत. गाडी चालू लागली की हे वजन कुठे जाते कोण जाणे. भोर सोडल्यावर नीरा-देवघरच्या जलाशयाच्या कडेने रस्ता वळणे घेत जातो. तिथे पुढचे एकवीस इंची चाक खड्ड्यांची दखलही न घेता पुढे जात राहिले. ज्या खड्ड्यांना आम्ही वीस वर्षे शिव्या दिल्या, त्यांची वाट पाहू लागलो, हे कबूल केले पाहिजे.

पण रस्त्याच्या आनंदापेक्षा आम्हांला कुतूहल होते ते या जातीच्या वाहनाच्या इतिहासाचे. १९३२ मध्ये रॉबर्ट फुल्टन नावाचा तरुण अमेरिकन लंडनहून निघाला आणि भारतमार्गे टोकियोपर्यंत गेला. जेवणाच्या टेबलावर, आपण मोटरसायकलवरून जगप्रदक्षिणा करणार, असे तो सहज बोलून गेला. टेबलावर डग्लस कंपनीचा माणूस बसलेला होता. त्याने गाडी देऊ केली आणि बोललेले निभावणे भाग पडले. १९७३ मध्ये टेड सायमन हा इंग्रज पत्रकार पाचशे सीसीच्या ट्रायम्फवरून चार वर्षांच्या प्रवासाला निघाला. दुचाकी चालवायला तो शिकला होता निघण्याच्या तयारीतच. या दोघांच्याही गाड्या ‘साहसी’ नव्हत्या. त्या साध्या रस्त्यावरच्या गाड्या होत्या. विशेषण स्वारांना लागू होते.

विशेषण यंत्राकडे सरकले ते साधारण १९८० च्या सुमारास. थिएरी साबीन हा फ्रेंच स्पर्धक १९७७ मध्ये एका शर्यतीत लिबियाच्या वाळवंटात वाट चुकला, मरता मरता वाचला, आणि परत येऊन त्याने इतरांसाठी तीच वाट आखली: पॅरिस ते डाकार. डिसेंबर १९७८ च्या अखेरीस पहिली फेरी सुटली. १९८० मध्ये बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एस आणली. जी म्हणजे गेलेंडे, रान. एस म्हणजे श्ट्रासे, रस्ता. मधली तिरकी रेघ आम्हां समासप्रेमी मंडळींना फार आवडते, कारण हा उघड उघड द्वंद्व समास आहे. सुमारे आठशे सीसीचे इंजिन, पन्नास अश्वशक्ती, मागच्या चाकाला एकाच बाजूने आधार. रानासाठी जड आणि रस्त्यासाठी उंच अशा या संकराचे काय करायचे, हा प्रश्न रास्तच होता. १९८१ मध्ये युबेर ओरिओलने बीएमडब्ल्यूवरून डाकार जिंकली आणि प्रश्नाचा जोर ओसरला. पुढे स्वाराने रानात जाण्याची गरजही उरली नाही; गाडी जाऊ शकते, एवढे पुरेसे झाले.

आपल्याकडे हा प्रकार मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणला तो २०१६ च्या पहिल्या हिमालयनने. ४११ सीसी, जेमतेम साडेचोवीस अश्वशक्ती. २०२३ च्या नोव्हेंबरात आलेली आमची ४५० तिच्यापुढे बरीच चपळ. द्रवशीतित इंजिन, चाळीस अश्वशक्ती, समोरच्या गोल पडद्यावर नकाशा. वरंध घाटात नकाशा पाहायचा कशाला, हा प्रश्न मागे बसलेल्याने विचारला. उत्तर मिळाले नाही.

या ठिकाणी विष्णुभट गोडसे आठवल्यावाचून राहत नाहीत. वरसईचे हे भिक्षुक १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले ते घरावरच्या कर्जापायी. बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल, या आशेने. वाटेत बंड पेटले, झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला, मिळवलेले लुटले गेले. त्यांच्या हकिगतीतून चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘माझा प्रवास’ आम्ही दरवर्षी शिकवतो. साहस त्यांनी मागितले नव्हते. ते अंगावर आले. कर्ज फेडायला निघालेल्या त्या माणसाचे पुस्तक शिकवून आम्ही साहसासाठी कर्ज काढले, यातली विसंगती घाटात चढताना बोचत होती. तरीही खोटे कशाला बोला, आनंद खराच होता. फुटपेगांवर उभे राहून वळण घेताना वयाचा आणि पेपर तपासणीचा विसर पडतो. तो विसर विकत मिळाला म्हणून खोटा ठरतो का, यावर आम्हां दोघांचे अजून एकमत नाही.

माथ्यापाशी चहासाठी थांबलो आणि नेमके तिथेच फसलो. पाय टेकायला गेलो तो खळग्यात. गाडी सावकाश, अगदी आदबीने, आडवी झाली. १९६ किलो म्हणजे किती, ते तेव्हा कळले. शेजारी म्हशी राखणारे एक आजोबा काही न बोलता आले, मागचा भाग धरला आणि तिघांनी मिळून ती उभी केली. हात झटकत त्यांनी विचारले, “कितीला पडली? आणि किती देते?”

ॲव्हरेज खरे सांगितले. किंमत मात्र आम्ही पन्नास हजारांनी कमी सांगितली.