धूर, प्राणवायू आणि हक्क : १९२२च्या एव्हरेस्ट-वृत्तान्ताचे एक वाचन

अल्बर्ट स्मिथ या इंग्रज लेखकाने १८५१ मध्ये माँ ब्लाँ हे शिखर गाठले, तेव्हा त्याच्या शिध्यात मद्याच्या शंभराच्या आसपास बाटल्या होत्या आणि त्यांची यादी त्याने स्वतःच छापली. पुढच्याच वर्षी लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये त्याने या चढाईचा खेळ तिकीट लावून सुरू केला. तो सहा वर्षे चालला. मद्य आणि व्यापार त्याच्या ठायी उघडपणे एकत्र नांदत होते. सत्तर वर्षांनंतरच्या एव्हरेस्ट-वृत्तान्तात त्यांची फारकत झालेली दिसते.

१९२२च्या ब्रिटिश मोहिमेत जॉर्ज फिंच हा ऑस्ट्रेलियात जन्मलेला, झुरिकमध्ये शिकलेला रसायनशास्त्रज्ञ होता. जेफ्री ब्रूस आणि गुरखा सैनिक तेजबीर यांच्यासह सुमारे २५,५०० फुटांवरील तंबूत वादळात अडकला असता, सिगारेट ओढल्याने श्वास सुलभ होतो आणि हा परिणाम तीन तासांपर्यंत टिकतो, असे त्याने नोंदविले. विरळ हवेत रक्तातील कर्बवायू घटतो व धूर त्याची जागा घेतो, अशी त्याची उपपत्ती होती. हा मजकूर १९२३ मध्ये मोहिमेच्या अधिकृत ग्रंथात गंभीर शास्त्रीय निरीक्षण म्हणून छापला गेला. त्याच फिंचने पुरस्कारिलेल्या प्राणवायूच्या नळकांड्यांना मात्र अनेक सहकारी खिलाडूवृत्तीला न शोभणारे साधन मानत. धूर नैसर्गिक आणि प्राणवायू कृत्रिम, ही विभागणी आज विलक्षण वाटते. शरीरशास्त्राच्या दृष्टीने ती पूर्णतः उलटी आहे, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमताच कमी करतो.

फिंचवर खरा रोष ओढवला तो पैशावरून. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटी आणि अल्पाइन क्लब यांच्या संयुक्त माउंट एव्हरेस्ट कमिटीशी झालेल्या करारामुळे सदस्यांच्या व्याख्यानांवर बंधन होते. फिंचने स्वतंत्रपणे व्याख्याने दिली, उत्पन्नातील वाट्यावरून तंटा झाला आणि १९२४च्या मोहिमेतून तो वगळला गेला. वगळण्याची कारणे एवढीच नव्हती. त्याचे परकीय वळणही काहींना खटकत असे. परंतु हीच कमिटी ‘द टाइम्स’ला वृत्ताचे हक्क विकत होती, १९२३ मध्ये तिने मॅलरीला व्याख्यानांसाठी अमेरिकेला धाडले होते आणि १९२४च्या चित्रपटाचे हक्क जॉन नोएलकडून ८,००० पौंड घेऊन दिले होते. आक्षेप व्यापाराला नव्हता, तो कोणाच्या हाती असावा याला होता. हौशी खेळाडूचे नीतिशास्त्र येथे मालकीहक्काची भाषा बोलते.

नोएलच्या व्यवहाराची किंमत पुढे मोठी ठरली. चित्रपटासोबत लंडनच्या रंगमंचावर तिबेटी भिक्षूंचे नृत्य दाखविल्याने तिबेटी शासन दुखावले. पुढील ब्रिटिश मोहीम १९३३ पर्यंत होऊ शकली नाही.

१९७५ मध्ये ख्रिस बॉनिंग्टनच्या नैर्ऋत्य भिंतीवरील मोहिमेचा सुमारे १,००,००० पौंडांचा भार बार्कलेज बँकेने उचलला. त्यावर टीका झाली, तरी बॉनिंग्टनने आपल्या ग्रंथात आश्रयदात्याचे नाव दडविले नाही. स्मिथच्या तिकिटांइतकाच तो मोकळा व्यवहार होता. फरक एवढाच, की आता तिकीट प्रेक्षक नव्हे तर बँक काढत होती. २००५ मध्ये अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू-नियंत्रण करारात तंबाखूच्या जाहिरातीबरोबर प्रायोजकत्वावरही सर्वंकष बंदीची तरतूद आहे. ज्या धुराची शिफारस १९२३च्या अधिकृत पानांवर निःसंकोच छापली गेली, त्याच्या उत्पादकाचे नाव एखाद्या मोहिमेच्या तंबूवर दिसणे या कराराला अभिप्रेत नाही.