वकीलपत्र कोणाचें?

पृथ्वीवरील यच्चयावत् राष्ट्रें एक झालीं आहेत, दूरदूरच्या ताऱ्यांभोंवतालच्या जगांचा एक संघ स्थापन झाला आहे आणि त्या संघाच्या सभेंत पृथ्वीचा वकील उभा राहून बोलत आहे, अशी कल्पना भविष्यकाळाच्या कथा लिहिणारे लेखक मोठ्या आवडीनें रंगवितात. त्या वकिलाचें वाहन, त्याचा पोशाख, त्याचें वक्तृत्व यांचें वर्णन भरपूर असतें. परंतु त्याला पाठविलें कोणीं, हा प्रश्न बहुधा तसाच राहून जातो. नांदेड-लातूरकडील वाचकास तरी तो सोडून देतां येणार नाहीं. कारण १९४८ सालीं त्याच्याच मुलखाच्या नांवानें एक वकील जगाच्या सभेंत उभा राहिला होता.

आमच्या जुन्या भाषेंत परदरबारीं राहणाऱ्या प्रतिनिधीस वकील म्हणत. पुणें दरबारचे गोविंदराव काळे निजामाकडे होते ते याच अर्थानें वकील. वकिलाजवळ धन्याचें पत्र असे, आणि धन्यानें मन फिरविलें कीं त्या पत्राचा नुसता कागद होई. ही गोष्ट पुढें ध्यानांत ठेवावयाची आहे.

हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या १९४१ च्या खानेसुमारीप्रमाणें सुमारें एक कोटि त्रेसष्ट लक्ष. नांदेड हा त्यांतील एक जिल्हा. लातूर त्या वेळीं उस्मानाबाद जिल्ह्यांत होतें आणि उदगीर बीदर जिल्ह्यांत. इंग्रज गेल्यावर आपण स्वतंत्र राहणार, असें निजाम मीर उस्मान अली खान यांनीं १९४७ च्या जून महिन्यांत जाहीर केलें. प्रजेला कोणीं विचारलें नाहीं. २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं हिंदी सरकारशीं एक वर्षाचा जैसे-थे करार झाला, आणि त्या वर्षाच्या आंतच सगळें नाटक संपलें.

२१ ऑगस्ट १९४८ रोजीं निजाम सरकारनें संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षासमितीकडे तारेनें फिर्याद धाडली. जें राष्ट्र संघाचें सभासद नाहीं त्यालाहि तंटा समितीपुढें आणतां येतो, अशी संघाच्या सनदेच्या ३५ व्या कलमांत तरतूद आहे; तिचा आधार या फिर्यादीस होता. प्रतिनिधिमंडळाचे प्रमुख मोईन नवाज जंग हे निजामाचे मंत्री. समिति पॅरिस येथें बसली ती १६ सप्टेंबर रोजीं. तोंपर्यंत हिंदी फौजा संस्थानांत शिरून तीन दिवस लोटले होते. अध्यक्षस्थानीं इंग्लंडचे सर अलेक्झांडर कॅडोगन होते. विषय कामकाजांत घ्यावा असें आठ सभासदांनीं मत दिलें, विरुद्ध कोणीं दिलें नाहीं. रशिया, युक्रेन व चीन तटस्थ राहिले. हैदराबाद हें राष्ट्रच नव्हे, सबब त्याला फिर्यादीचा अधिकार नाहीं, असा मुद्दा हिंदुस्थानच्या वतीनें रामस्वामी मुदलियार यांनीं मांडला. मुद्दा कायद्याचा होता आणि बिनतोड होता असें आम्हांस वाटतें. तथापि हैदराबाद राष्ट्र आहे कीं नाहीं, एवढाच वाद तेथें झाला. हैदराबादचे लोक काय म्हणतात, हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या युक्तिवादांत गौणच राहिला.

म्हणणाऱ्यांची तोंडें बंद होतीं. स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष स्वामी रामानंद तीर्थ त्या दिवशीं तुरुंगांत होते. बिलोली भागांतील गोविंदराव पानसरे यांचा तर १९४६ सालींच खून पडला होता. नांदेड जिल्ह्यांतून बाहेर पडलेले कार्यकर्ते वऱ्हाडांत उमरखेडच्या छावणीवर बसून होते. राज्यांत ज्याचा शब्द चाले तो रझाकारांचा पुढारी कासीम रझवी हाहि वकीलच, पण लातूरच्या कचेरींतला. त्याला वकीलपत्र देणाऱ्या पक्षकारांत शेतकरी किती होते, हें सांगावयास नको.

१७ सप्टेंबरला निजामानें युद्धतहकुबी जाहीर केली व २२ तारखेस फिर्याद काढून घेतल्याची तार समितीकडे धाडली. पॅरिसमधील प्रतिनिधींची स्थिति विलक्षण झाली. निजाम आतां स्वतंत्र राहिले नाहींत, म्हणून त्यांची तार खरी मानूं नये, अशी भूमिका त्यांस घ्यावी लागली. तिच्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं. परंतु ज्यांचा सर्व अधिकार एका माणसाच्या सहीवर उभा, त्यांनीं तीच सही नाकारल्यावर मागें उरतें काय? धन्याऐवजीं प्रजेचें पत्र दाखवितां आलें असतें, तर गोष्ट निराळी होती. तसलें पत्र त्यांच्याजवळ नव्हतें.

या प्रकरणाचा सर्वांत दुःखद भाग पॅरिसच्या सभागृहाबाहेर घडला. रझाकारांनीं हिंदु प्रजेवर जें केलें तें मराठवाड्यांत अजून घरोघर सांगितलें जातें. कारवाईनंतर मुसलमान वस्त्यांवर जें गुदरलें तें इतक्या मोकळेपणें सांगितलें जात नाहीं. सरकारनेंच पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या मंडळानें १९४८ च्या अखेरीस संस्थानभर हिंडून बळींची संख्या सत्तावीस ते चाळीस हजार अशी अंदाजिली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे चार जिल्हे त्यांत सर्वांत वाईट ठरले. लातूर शहराचा निर्देश त्या अहवालांत आहे. तो कित्येक दशकें लोकांपुढें आला नाहीं. ज्यांच्या रक्षणासाठीं आपण बोलतों असें निजामाचा वकील सांगत होता, त्यांच्यावर हें संकट कोसळलें तेव्हां त्यांची फिर्याद नेण्यास त्याच्याहि हातीं कागद नव्हता. आणि विजयी पक्षाच्या वकिलाला तर ती आपली फिर्याद वाटण्याचें कारणच दिसलें नाहीं.

१९४९ च्या मे महिन्यांत समितीनें हा विषय पुन्हां ऐकला. त्या वेळीं पाकिस्तानचे झफरुल्ला खान बोलले. निर्णय कांहींच झाला नाहीं. ‘हैदराबादचा प्रश्न’ हे शब्द मात्र समितीच्या यादींत पुढें अनेक वर्षें छापले जात राहिले. नांदेड व लातूरच्या प्रौढ स्त्रीपुरुषांनीं, सर्व जातिधर्मांच्या, आपला प्रतिनिधि निवडण्यासाठीं सरसकट मत टाकलें तें पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत, १९५२ च्या सुमारास.