गणक, मानवी

इलेक्ट्रॉनिक यंत्रे येण्यापूर्वी खगोल, नौकानयन आणि भूमापन यांसाठी लागणारी प्रदीर्घ आकडेमोड कागद, लेखणी व लॉगॅरिथमची कोष्टके यांच्या बळावर करणारी माणसे. हे काम निव्वळ यांत्रिक होते असे समजतात, पण पुरावा वेगळे सांगतो. हॅलेच्या धूमकेतूचे पुनरागमन केव्हा होईल, हे ठरवण्यासाठी अलेक्सी क्लेरो, जेरोम लालांद आणि निकोल-रेन लपोत यांनी १७५८ मध्ये पॅरिसला कित्येक महिने गुरू व शनी यांच्या आकर्षणाचा हिशेब पायरीपायरीने केला. गुरूमुळे ५१८ दिवस आणि शनीमुळे १०० दिवस उशीर होईल, असे उत्तर निघाले. लहान पदे वगळल्यामुळे महिनाभराची चूक संभवते, हेही त्यांनी आधीच सांगितले. एप्रिल १७५९ च्या मध्याला अपेक्षित असलेला धूमकेतू १३ मार्चला सूर्याच्या सर्वांत जवळ आला. काय गाळायचे आणि त्याने उत्तर किती ढळेल, हे ठरवणे यंत्रवत होत नाही.

यावर गास्पार द प्रोनी यांचे उदाहरण पुढे केले जाते. १७९० च्या दशकात त्यांनी फ्रान्ससाठी लॉगॅरिथमची प्रचंड कोष्टके करवून घेतली. मोजक्या गणितज्ञांनी सूत्रे निवडली, मधल्या फळीने ठरावीक अंतरावरच्या किमती काढल्या आणि साठाहून अधिक गणकांनी फक्त बेरजा-वजाबाक्या केल्या. आक्षेप खरा आहे, पण तो तिसऱ्या फळीपुरताच. बेरजांची साखळी स्वतंत्रपणे काढलेल्या पुढच्या किमतीशी जुळते का, ही तपासणी मुळातच रचनेत गुंफलेली होती. ती बुद्धी मधल्या फळीची.

कलकत्त्याचे राधानाथ सिकदार (१८१३–१८७०) त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे मुख्य गणक होते. शिखर १५, म्हणजे पुढचे एव्हरेस्ट, सर्वांत उंच असल्याचे १८५२ च्या सुमारास त्यांच्या गणिताने दाखवले. त्यांनी धावत जाऊन साहेबांना बातमी दिल्याची कथा विश्वसनीय नाही, आणि निरीक्षणेही इतरांची होती. परंतु शंभर मैलांहून दूर, बिहारच्या मैदानातून घेतलेल्या कोनांवर हवेतील वक्रीभवनाची दुरुस्ती नेमकी किती करायची, हा प्रश्न गणिताच्याच मेजावर सुटायचा होता. १८५६ मध्ये जाहीर झालेली २९,००२ फुटांची उंची आजच्या मापनापेक्षा सुमारे ३० फुटांनीच कमी आहे.

काम यांत्रिक मानले की श्रेय पुसणेही सोपे जाते. क्लेरो यांनी १७६० च्या ग्रंथातून लपोत यांचा उल्लेख वगळला. भूमापनाच्या सरकारी ग्रंथाच्या १८५१ च्या आवृत्तीत सिकदारांचे ऋण मान्य केले होते. १८७५ च्या आवृत्तीतून, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, ते काढले गेले. त्याविरुद्ध १८७६ मध्ये ‘फ्रेंड ऑफ इंडिया’ या इंग्रजी पत्राने जाहीर निषेध नोंदवला.